फादरबंगल्यांतील आगगाडीचें चित्र

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त स्मरणिका काढण्याचें ठरलें, तेव्हां तिच्या मुखपृष्ठावर कोणतें चित्र घालावें याविषयीं समितींत वाद असा झालाच नाहीं. फादरबंगल्याच्या ओसरीवर, आंत शिरतांना डाव्या हातास, काळवंडलेल्या लांकडी चौकटींत बसविलेलें आगगाडीचें एक जुनें छायाचित्र टांगलेलें आहे. तेंच सर्वांनीं एकमुखानें सुचविलें. बाप्तिस्म्याचा दाखला मागण्यास आलेला मनुष्य असो, कीं लग्नाची नोंद करण्यास आलेलीं वधूवरें असोत, ओसरीवर वाट पाहत बसलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोरून हें चित्र गेलेलें आहे. आपल्या मनमाडच्या ख्रिस्ती समाजाचें तें जणूं कुलचित्रच होऊन बसलें आहे.

त्या चित्राची हकीकतही सर्वांस तोंडपाठ आहे. सन १८७८ मध्यें दौंडाहून मनमाडास पहिली आगगाडी आली. त्या गाडींतून आपले पहिले फादर येथें उतरले. चित्रांतली गाडी ती हीच, आणि इंजिनाच्या पुढें उभी असलेली पांढऱ्या झग्यांतली अस्पष्ट आकृति म्हणजे ते फादर. आम्ही येथें बदलून आलों त्याच दिवशीं संध्याकाळीं ही हकीकत आम्हांस सांगण्यांत आली. पुढें आम्हींही ती कित्येक पाहुण्यांस तशीच सांगितली, आणि एकदां तर सणाच्या प्रवचनांतही तिचा उपयोग केला.

समितीनें आम्हांवर सोंपविलेलें काम लहानसेंच होतें. चित्राखालीं छापण्यासाठीं चार ओळींचा मजकूर आम्हीं लिहून द्यावयाचा होता. लिहिण्यास बसलों आणि पहिल्याच ओळींत अडलों. कोणता महिना? फादरांचें नांव काय? गाडी फलाटावर कोणत्या बाजूस उभी आहे? हीं उत्तरें शोधूं लागलों तसतसे प्रश्न वाढत गेले, आणि त्या चार ओळींच्या जागीं हा लेख तयार झाला. यांतील निष्कर्ष कांहीं जणांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. तो आम्हांसही प्रथम रुचला नव्हता. तरी वाचकांनीं शेवटपर्यंत वाचावें, एवढीच विनंती.

महोत्सवाच्या वेळीं जुन्या गोष्टींची अशी चिकित्सा करणें योग्य काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास उत्तर आपल्या पवित्र ख्रिस्तसभेच्या इतिहासांतच आहे. जॉन बोलांड या येशूसंघीय धर्मगुरूंनीं १६४३ सालीं संतांच्या चरित्रांचा एक महाग्रंथ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांनीं व त्यांच्या मागून आलेल्या त्यांच्या बांधवांनीं प्रत्येक संताच्या कथेंतील जुना कागद कोणता व मागाहून जोडलेला भाग कोणता, हें निवडून काढण्यांत पिढ्यान्‌पिढ्या घालविल्या. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली, परंतु संतांची थोरवी त्यामुळें तसूभरही कमी झाली नाहीं. पुढें पोप लिओ तेरावे यांनीं १८८१ सालीं व्हॅटिकनचें दफ्तर अभ्यासकांस खुलें केलें, आणि १८८३ सालच्या आपल्या पत्रांत इतिहास लिहिणाऱ्यांस बजावलें कीं, खोटें लिहिण्याचें धाडस करूं नये आणि खरें लिहिण्याची भीति बाळगूं नये. जो नियम जगाच्या इतिहासास, तोच ओसरीवरच्या चित्रास.

प्रथम मनमाडास आगगाडी कशी आली तें थोडक्यांत पाहूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्यास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या जी. आय. पी. ची, पहिली गाडी गेली. पुढें कल्याणापासून या रेल्वेच्या दोन शाखा फुटल्या. एक भोर घाट चढून पुणें, दौंड व सोलापूर या बाजूस गेली. दुसरी थळ घाट, म्हणजे आपला कसाऱ्याचा घाट, चढून नाशिक, मनमाड, भुसावळ या बाजूस आली. भोर घाट १८६३ सालीं आणि थळ घाट १८६५ सालीं वाहतुकीस खुला झाला. थळ घाटांत दर सदतीस फुटांस एक फूट इतकी चढण असून गाडीस मागून दुसऱ्या इंजिनाचा रेटा लागे. १८७० सालीं हीच आपली शाखा जबलपुरावरून कलकत्त्याच्या मार्गास जोडली गेली, व मनमाड एका मोठ्या हमरस्त्यावरचें ठाणें बनलें.

परंतु या दोन शाखा घाटाखालीं कल्याणास तेवढ्या एकमेकींस भेटत. घाटमाथ्यावर त्यांस जोडणारी वाट नव्हती. ती वाट म्हणजे दौंड-मनमाड रेल्वे. सुमारें दीडशें मैलांचा हा मार्ग दौंडाहून अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर), राहुरी, बेलापूर, कोपरगांव, येवलें असा येत १८७८ सालीं सुरू झाला. तो बांधला जात होता त्याच वेळीं, १८७६ पासून १८७८ पर्यंत, दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला होता. या मार्गाच्या मातीकामावर दुष्काळानें घरदार सोडलेले मजूर लावण्यांत आले होते. दुष्काळी कामांवरील मजुरांच्या रोजमुऱ्यांतील धान्य दिवसास एक पौंडावर आणण्याचा घाट सरकारनें घातला, तेव्हां कित्येक मजुरांनीं कामच टाकून दिलें, आणि पुणें सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारापुढें मांडली, हेंही इतिहासांत नमूद आहे. आज ज्या भरावावरून आपण शिर्डीस किंवा नगरास सुखानें जातों, त्यांतील कित्येक टोपल्या अर्धपोटीं माणसांनीं वाहिलेल्या आहेत.

याच सालाच्या सुमारास आणखी एक गोष्ट घडली. अहमदनगर जिल्ह्यांत येशूसंघीय धर्मगुरूंनीं कॅथॉलिक मिशनचें काम सुरू केलें. राहुरी तालुक्यांतील वळण व केंदळ हीं नांवें आपल्यापैकीं अनेकांच्या घराण्यांत आजही निघतात. त्या केंदळहूनच फादर हेन्री डोरिंग यांनीं १९०३ सालीं ‘निरोप्या’ हें मासिक काढलें, जें आपल्या आजोबांनीं दिव्याच्या उजेडांत वाचलें. तात्पर्य, १८७८ सालीं दौंडचा मार्ग सुरू झाला हें खरें, आणि त्याच सुमारास मिशनचें काम सुरू झालें हेंही खरें. या दोन खऱ्या गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. पुढें त्यांची गरज पडणार आहे.

आतां चित्राकडे वळूं. छापखान्यास देण्यासाठीं चौकटीमागचे खिळे काढले, तेव्हां आम्हांस पहिला धक्का बसला. तें छायाचित्र पोस्टकार्डावर छापलेलें निघालें. पाठीच्या मधोमध एक उभी रेघ होती. रेघेच्या डावीकडे मजकुरासाठीं व उजवीकडे पत्त्यासाठीं जागा सोडलेली होती. जुन्या पोस्टकार्डांच्या पत्त्याच्या बाजूस मजकूर लिहिण्याची मोकळीक नसे. रेघ ओढून ती बाजू दोहोंत वांटण्यास ब्रिटनच्या टपालखात्यानें १९०२ सालीं प्रथम परवानगी दिली, व इतर देशांनीं ती चाल त्यानंतर उचलली. अर्थात ज्या कार्डाच्या पाठीवर ही रेघ आहे, तें कार्ड १८७८ सालचें असूं शकत नाहीं.

तरीही मन लगेच मानीना. मूळ चित्र जुनें असेल आणि मागाहून कोणीं त्याची नक्कल कार्डावर काढली असेल, अशी पळवाट आम्हीं शोधली. ती पळवाट बंद केली ती आपल्याच एका धर्मबांधवानें. मनमाडच्या यार्डांत सारी हयात घालवून निवृत्त झालेले हे गृहस्थ एका रविवारीं मिस्सानंतर बंगल्यावर आले. आम्हीं त्यांच्या हातीं भिंग दिलें. चित्र क्षणभर पाहून ते म्हणाले, “फादर, ही दौंडची गाडी नव्हे. ही छोट्या लाईनची गाडी आहे. हिचा बफर पाहा.”

चित्रांत दोन गाड्या आहेत, हें आम्हीं इतकीं वर्षें पाहूनही पाहिलें नव्हतें. पुढें इंजिन आहे तें सर्वांच्या नजरेंत भरतें. परंतु उजव्या कडेस, फलाटाच्या पलीकडे, मालगाडीच्या वाघिणींची दुसरी रांग उभी आहे. त्या वाघिणीच्या तोंडास दोन बाजूंस दोन बफर आहेत, आणि मध्यें सांखळी. मोठ्या लाईनच्या गाड्यांस ते तसेच असत. इंजिनाच्या तोंडास मात्र मधोमध एकच बफर आहे. ही मीटरगेजची, म्हणजे छोट्या लाईनची, खूण. मोठ्या लाईनच्या दोन रुळांतील अंतर साडेपांच फूट. छोट्या लाईनचें एक मीटर, म्हणजे सव्वातीन फुटांहून किंचित अधिक. दौंड-मनमाड मार्ग पहिल्या दिवसापासून मोठ्या लाईनचा होता. त्यावर हें इंजिन चढणेंच शक्य नव्हतें.

मनमाडास छोटी लाईन आली ती निजामाच्या राज्यांतून. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नांवाचा सुमारें ३९० मैलांचा मार्ग सिकंदराबादेहून निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद (आतांचें छत्रपती संभाजीनगर) असा येत मनमाडास मिळाला, आणि १९०० व १९०१ या सालीं तो टप्प्याटप्प्यानें खुला झाला. त्याआधीं मनमाडच्या यार्डांत मधल्या बफराची गाडी कोणाच्या दृष्टीस पडली नसेल. निवृत्त बंधूंनीं इंजिनाचीं चाकेंही मोजलीं. दांड्यानें एकत्र जोडलेलीं सहा चाकें, उंच धुरांडें आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर आखूडसा आडोसा. अजमेरच्या कारखान्यांत १८९५ सालीं आपल्या देशांत बांधलेलें पहिलें इंजिन, एफ ७३४, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत ठेवलेलें आहे. आपल्या चित्रांतलें इंजिन त्याच घराण्यांतलें दिसतें, असें त्यांचें म्हणणें पडलें.

चित्र मनमाडचेंच आहे, याविषयीं मात्र शंका उरली नाहीं. धुराच्या लोटाआड, क्षितिजावर, एक सुळका आभाळांत बोट दाखवीत उभा आहे. ती आपली हडबीची शेंडी. अनकाई-टनकाईच्या बाजूचा तो डोंगर ज्यानें एकदां पाहिला, तो त्यास दुसऱ्या कोणत्याही डोंगराशीं चुकविणार नाहीं.

राहिली ती पांढऱ्या झग्यांतली आकृति. हिच्याकडे भिंग नेण्याचें आम्हीं मुद्दाम लांबणीवर टाकलें होतें, हें कबूल करतों. शेवटीं छापखान्याच्या मुलानें चित्राची मोठी प्रत काढून संगणकाच्या पडद्यावर आम्हांस दाखविली, आणि मग पाहण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. तो झगा नव्हता. गोणपाटाच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यांत खोंचून डोक्यावरून पाठीवर सोडलेली खोळ होती ती, जशी ओझें वाहणारे हमाल आजही घेतात. पिठाच्या कीं धान्याच्या धुळीनें ती पांढुरकी झाली होती. खोळीखालीं गुडघ्यांपर्यंत उघडे पाय होते. पायांत कांहीं नव्हतें. इंजिनाच्या पुढें जो उभा आहे, तो फादर नव्हे, हमाल आहे.

मग ही हकीकत आली कोठून? कोणीं लबाडी केली, असें आम्हांस वाटत नाहीं. मघाशीं ज्या दोन खऱ्या गोष्टी ध्यानांत ठेवण्यास सांगितल्या, त्या येथें उपयोगी पडतात. दौंडचा मार्ग १८७८ चा, मिशनही त्याच सुमाराचें. शिवाय राहुरी त्याच मार्गावर. मिशनचे फादर या वाटेनें आगगाडींत बसून गेले-आले असतील, यांत नवल तें काय? दोन गोष्टी एकाच सालच्या निघाल्या कीं स्मृति त्यांची गांठ मारते, आणि मग त्या गांठीस टांगण्यास एखादें चित्र मिळालें कीं कथा पुरी होते. असें आपल्याच येथें घडलें असेंही नाहीं. ठाण्याच्या खाडीवरील पुलावरून जाणाऱ्या गाडीचें एक छायाचित्र १८५३ च्या पहिल्या आगगाडीचें म्हणून ठिकठिकाणीं छापलें जातें. वास्तविक तें ‘दापुरी पूल’ या नांवानें नोंदलेलें, १८५५ च्या सुमाराचें आहे. पहिल्या गाडीचें चित्र आपणांजवळ असावें अशी साऱ्या देशाचीच इच्छा. मग मनमाडच्या एका धर्मग्रामास ती झाली तर त्यास दोष कोण देईल?

शोध येथवर आला, तेव्हां तो छापण्यापूर्वीं धर्मग्रामांतील एका वृद्ध माउलीस सांगणें आम्हांस आवश्यक वाटलें. कारण ही हकीकत तिनेंच आज तीन पिढ्यांस सांगितली आहे. तिच्या घरीं जाऊन आम्हीं सारें उलगडून सांगितलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “म्हणजे फादर, माझ्या आजेसासूनें मला खोटें सांगितलें, असें तुमचें म्हणणें?” या प्रश्नास तत्काळ उत्तर देण्यास आमची सेमिनरीची विद्या कामीं आली नाहीं. आम्हीं एवढेंच म्हटलें, “आजी, तुमच्या आजेसासूबाईंनीं नेमकें काय सांगितलें होतें, तें पुन्हां एकदां सांगा. आम्ही लिहून घेतों.”

आणि वाचकहो, जी कथा आजवर कोणीं विचारली नव्हती, ती तेव्हां बाहेर आली. आजेसासू फादरांविषयीं फार थोडें बोलत असे. ती बोलत असे तें पोत्यांविषयीं. तिचा नवरा दोन गाड्यांच्या मधल्या फलाटावर पोतीं उचलीत असे. तिकडच्या गाडींतून काढावयाचें, इकडच्या गाडींत टाकावयाचें. रात्रीं कंदील लावून तेंच. हातांतल्या लोखंडी आंकड्यानें पोतें फाटे आणि दाणे रुळांत सांडत. ते दाणे वेंचण्यास बायका पहांटे खराटा व सूप घेऊन जात. कोणी हटकी, कोणी डोळेझांक करी. त्या दाण्यांवर घर चालत असे. “पण हें काय पुस्तकांत छापण्यासारखें आहे, फादर?” असें म्हणून आजी पदर तोंडाला लावून हंसली. आम्हांस मात्र बेथलेहेमच्या शेतांत कापणाऱ्यांच्या मागून कणसें वेंचीत जाणारी रूथ आठवली, जिच्या वंशांत पुढें दावीद राजा व आपला प्रभु जन्मास आला. पवित्र शास्त्रांत जें छापण्यासारखें ठरलें, तें आपल्या स्मरणिकेंत छापण्यास लाजण्याचें कारण काय?

आजीच्या बोलण्यानें चित्राचा खरा विषय आम्हांस कळला. १८७० सालीं लॉर्ड मेयो यांच्या सरकारनें खर्च वांचविण्यासाठीं मीटरगेजचा स्वीकार केला, आणि पुढें देशांत दोन मापांचे रूळ पसरले. रूळ घालण्यांत पैसा वांचला हें खरें. पण जेथें दोन मापें एकत्र येत, तेथें एका लाईनची वाघीण दुसऱ्या लाईनवर जाऊं शकत नसे. मग प्रत्येक पोतें, प्रत्येक गांठोडें, प्रत्येक तेलाचा डबा माणसाच्या पाठीवरून एका गाडींतून दुसऱ्या गाडींत जाई. मराठवाड्याचा कापूस व गळिताचें धान्य मुंबईस जावयाचें तर मनमाडास उतरावयाचें. मुंबईचा माल निजामाच्या मुलुखांत जावयाचा तरी मनमाडासच उतरावयाचा. सरकारनें जो खर्च वांचविला, तो या हमालांच्या पाठीनें पुढें दररोज थोडाथोडा भरून दिला.

छोटी लाईन आली तो काळही तसाच होता. १८९९ व १९०० या वर्षीं पुन्हां मोठा दुष्काळ पडला. ज्यांच्या विहिरी आटल्या व बैल मेले, त्यांस मनमाडच्या स्टेशनावर दिवसाचा रोज मिळण्याची आशा होती. पुढें १९०६ सालीं पुलांचें लोखंडी काम करणारा रेल्वेचा कारखाना येथें निघाला, व कामकऱ्यांची वस्ती आणखी वाढली. आम्हीं आपल्या धर्मग्रामाच्या जुन्या बाप्तिस्मा-वह्या या दृष्टीनें पुन्हां उघडल्या. बापाचा धंदा लिहिण्याचा एक रकाना त्यांत असतो. आजवर आम्ही त्या रकान्याकडे क्वचितच पाहत असूं. हमाल, खलाशी, सांधेवाला, फायरमन, गँगमन, कोळसा भरणारा: पानामागून पान हेंच. गार्ड व ड्रायव्हर यांचीं नांवेंही आहेत, गोव्याहून व दूरदेशाहून आलेल्या कुटुंबांचींही आहेत. परंतु रकान्यांत ‘हमाल’ हा शब्द ज्या सातत्यानें येतो, तें पाहून आमची मान खालीं गेली. ज्यांच्या वंशजांस आम्ही दर रविवारीं ख्रिस्तशरीर देतों, त्यांचे हे वाडवडील. आणि आम्हीं त्यांच्यांतल्या एकास फादरांचा झगा चढवून त्याचें खरें रूप झांकून टाकलें होतें.

फादरांचें ऋण आम्ही कमी लेखीत नाहीं. उन्हातान्हांतून खेडोपाडीं फिरून ज्यांनीं आपल्या पूर्वजांस प्रभूचें नांव सांगितलें, ते धर्मगुरु नसते तर आज हा महोत्सव नसता. पण फादर येतात तेव्हां कोणाकडे तरी येतात. मिस्साला जमणारीं माणसें आधीं असावीं लागतात. देवमंदिराचा पहिला दगड बसविण्यापूर्वीं त्यासाठीं आपल्या रोजांतून चार पैसे काढून ठेवणारा कोणी असावा लागतो. मनमाडास तीं माणसें दोन रुळांच्या मधल्या फलाटावर जमलीं. आपला धर्मग्राम त्या फलाटावरून आला आहे, असें आम्ही आतां म्हणतों.

तो फलाट आज राहिलेला नाहीं. वाफेचीं इंजिनें देशभर मागें पडत गेलीं, आणि १९९० नंतरच्या दशकांत मनमाडाहून मराठवाड्याकडे जाणारी छोटी लाईन उखडून तिच्या जागीं मोठी लाईन घालण्यांत आली. आतां नांदेडचा माल मनमाडास उतरत नाहीं. गाडी न थांबतां किंवा चार क्षण थांबून पुढें जाते. पोतें एका गाडींतून दुसरींत टाकण्याचें तें काम संपलें, याचें दुःख कोणी करूं नये. ज्या कामानें माणसाची पाठ चाळिशींत मोडते, तें संपलें हें बरेंच झालें. मात्र काम गेलें म्हणून काम करणाऱ्याचें नांवही जावें, हें बरें नव्हे.

समितीपुढें आम्हीं हें सर्व ठेवलें. कोणी म्हणाले, मुखपृष्ठावर दुसरें चित्र घ्यावें, उगाच चर्चा नको. कोणी म्हणाले, चित्र तेंच ठेवावें व खालीं कांहींच लिहूं नये, म्हणजे ज्यास जें मानावयाचें तें तो मानील. हा दुसरा मार्ग सोपा होता, आणि खरें सांगावयाचें तर क्षणभर आम्हांसही तो मोहक वाटला. पण न बोलून लोकांस चुकीचें मानूं देणें हें धर्मगुरूस शोभत नाहीं. निर्णय शेवटीं आजीनेंच करून दिला. ती समितीच्या बैठकीस नातवाचा हात धरून आली, आणि म्हणाली, “चित्र राहूं द्या. माणूस कोण तें खरें लिहा. आमचाच आहे तो.”

त्याप्रमाणें चित्र मुखपृष्ठावर छापलें आहे, व त्याखालील मजकूर असा आहे: ‘मनमाड स्टेशन. डावीकडे छोट्या लाईनची गाडी, उजवीकडे मोठ्या लाईनच्या वाघिणी, मध्यें पोतीं वाहणारा हमाल. चित्र सन १९०२ नंतरचें.’ चार ओळी मागितल्या होत्या, तीनच झाल्या.

शेवटीं एक विनंती. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं पेटींत, देव्हाऱ्यामागें, जुन्या प्रार्थनापुस्तकांच्या पानांत अशीं चित्रें पडलेलीं असतील. कोणाचा कारखान्यांतला समूह असेल, कोणाचा लग्नाचा, कोणाचा फलाटावरचा. तीं बंगल्यावर आणून दाखवावीं. आम्ही त्यांची प्रत काढून घेऊन मूळ चित्र त्याच दिवशीं परत करूं. घरांतील वृद्धांस त्यांत कोण कोण आहेत तें विचारून पाठीमागें शिसपेनीनें नांवें लिहावीं, आणि नांव ठाऊक नसेल तर मनानें घालूं नये. येत्या मृतांच्या स्मरणदिनीं, २ नोव्हेंबरला, आपण जी मिस्सा अर्पण करूं, ती मनमाडच्या फलाटांवर ज्यांनीं ओझीं वाहिलीं त्या सर्वांच्या आत्म्यांसाठीं असेल. ज्यांचीं नांवें वह्यांत आहेत त्यांच्यासाठीं, आणि ज्यांचीं नाहींत त्यांच्यासाठींही. सर्वांनीं अगत्य यावें.